पेशींस लाविलेला टिळा

हिंगोली जिल्ह्यांतील सेनगांव तालुक्यांत साखरा नांवाचें एक गांव आहे. नकाशांत तें शोधावयास तुम्हांस बराच वेळ लागेल. परंतु माझें बालपण तेथें गेलें असल्यामुळें मला तें नकाशावांचूनही सांपडतें. गांवच्या शिवारांत सोयाबीन आहे, तूर आहे, कापूस आहे. आणि ज्याच्या विहिरीस पाणी आहे त्याच्या वावरांत हळद आहे. फाल्गुनाच्या सुमारास हळद काढून, शिजवून, वाळवून ती ढोलांत फिरवूं लागले म्हणजे माणसांचे हात, पोत्यांच्या थप्प्या, बायकांचे पदर, फार काय, वाटेवरची धूळ देखील पिवळी होऊन जाते. मला या लेखांत हळदीचा भाव सांगावयाचा नाहीं; तो हिंगोली व वसमत येथील बाजारांत पुकारला जातोच. मला सांगावयाची आहे ती हळदीच्या अंगीं असलेल्या एका गुप्त प्रकाशाची गोष्ट, आणि त्याच जातीच्या प्रकाशाच्या साह्यानें आपल्या शाळेंतील एका मुलाचें रक्त कसें तपासलें गेलें, याची.

आधीं प्रयोग. नोटा खऱ्या कीं खोट्या हें पाहण्यासाठीं दुकानदार जी जांभळ्या प्रकाशाची लहानशी बॅटरी वापरतात, तशी एक आपल्या प्रयोगशाळेंत आहे. चमचाभर हळदीची पूड थोड्या स्पिरिटांत ढवळावी, गाळून घ्यावी, आणि खोलींतील दिवे मालवून परीक्षानळीवर तो प्रकाश पाडावा. जो द्रव दिवसां साधा पिवळा दिसतो, तो अंधारांत हिरवट तेजानें पेटल्यासारखा होतो. बॅटरीच्या तोंडाकडे मात्र रोखून पाहूं नये. तो प्रकाश डोळ्यांस अपायकारक आहे. तीच बॅटरी टॉनिक वॉटरच्या बाटलीवर धरली तर त्यांतील क्विनीनमुळें तें पाणी निळें चमकतें. धुण्याच्या पुडीनें धुतलेले पांढरे सदरे तर भुतासारखे उजळतात. साखऱ्यास आमच्या घरामागें दगडांची एक रास आहे. उन्हाळ्याच्या रात्रीं ही बॅटरी घेऊन तेथें गेलें असतां विंचू हिरव्या-निळ्या तेजानें चमकतांना स्वच्छ दिसतात. विंचवाचा विषय निघालाच आहे तर सांगतों : विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देऊन असंख्य प्राण वांचविणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे आपल्या मराठवाड्यांतील जालना जिल्ह्याचेच. असो.

हें सर्व जादूचें वाटलें तरी जादूचें नाहीं. १८५२ सालीं केंब्रिज येथील जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञानें क्विनीनच्या द्रावणावर प्रयोग करून दाखविलें कीं, कांहीं पदार्थ डोळ्यांस न दिसणारा, जांभळ्यापलीकडचा प्रकाश शोषून घेतात आणि त्याच्या बदल्यांत डोळ्यांस दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणास आपण मराठींत प्रतिदीप्ति म्हणतों. शंभराची नोट मोडावयास दिली असतां मोड देणाऱ्यानें दोन-चार रुपये आपली हशील म्हणून ठेवून घ्यावे आणि बाकीची चिल्लर परत करावी, तसा हा व्यवहार आहे. आंत शिरलेल्या प्रकाशाची थोडी ऊर्जा पदार्थांत उष्णतेच्या रूपानें खर्चीं पडते, म्हणून बाहेर येणारा प्रकाश कमी ऊर्जेचा, अर्थात् निराळ्या रंगाचा असतो. हा सारा व्यवहार सेकंदाच्या कांहीं अब्जांश भागांत आटोपतो. रंग निराळा असण्याचा लाभ मोठा आहे. मूळ प्रकाश गाळणीनें अडविला कीं पाठीमागें उरतो तो काळोख, आणि त्या काळोखांत फक्त चमकणारा पदार्थ तेवढा दिसतो. दूरच्या टेकडीवर दिवसां दहा माणसें उभीं असलीं तरी दिसत नाहींत. रात्रीं तेथें एक कंदील असला तरी पुरतो.

१८७१ सालीं आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें फ्लुओरेसीन नांवाचें एक रंगद्रव्य तयार केलें. पाण्यांत तें अगदीं थोडें मिसळलें तरी पाणी हिरवेंगार चमकतें. डॅन्यूब नदीचें पाणी जर्मनींत एके ठिकाणीं जमिनींत मुरून नाहींसें होतें. तें जातें कोठें, यावर तेथील लोकांत वाद होता. १८७७ सालीं त्या ठिकाणीं दहा किलो फ्लुओरेसीन ओतलें, आणि सुमारें ६० तासांनीं दूरवरच्या आख नदीच्या उगमाचें पाणी हिरवें झालें! डॅन्यूबचें पाणी चोरवाटेनें ऱ्हाइनकडे जातें, ही गोष्ट त्या दिवशीं उघड झाली. आपल्याकडे विहिरींच्या झऱ्यांवरून होणारे तंटे पाहिले म्हणजे मला पुष्कळदां या प्रयोगाची आठवण होते.

पण नदीचा माग काढणें निराळें आणि पेशीचा माग काढणें निराळें. रंग पाण्यांत पडला कीं तो पाणी जाईल तिकडे जातो. अमक्यासच चिकट आणि तमक्यास चिकटूं नकोस, हें त्यास कळत नाहीं. क्षयाच्या जंतूंचें तेवढें निराळें आहे. त्यांचें अंग मेणचट असल्यामुळें ऑरामीन नांवाचा रंग ते घट्ट धरून ठेवतात, आम्लानें धुतलें तरी सोडीत नाहींत. म्हणून क्षयरोग्याच्या थुंकींतील जंतू काळ्या पार्श्वभूमीवर पिवळे चमकतांना दिसतात. आपल्या देशाच्या क्षयनिर्मूलनाच्या कार्यांत ही पद्धत नेहमींची झाली आहे. परंतु रक्तांतील पांढऱ्या पेशी घ्या. त्यांच्या कितीएक जाती सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं जुळ्या भावंडांसारख्या दिसतात. त्यांतील एकाच जातीस रंग लावावयाचा तर रंगास कोणी तरी वाटाड्या पाहिजे.

तो वाटाड्या आपल्याच शरीरांत आहे. सर्पदंशावरचें औषध कसें तयार होतें, हें तुमच्यापैकीं कित्येकांनीं वाचलें असेल. नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांचें विष घोड्यास अगदीं थोड्या मात्रेनें टोंचतात. घोडा मरत नाहीं. उलट त्याच्या रक्तांत त्या विषाचा बंदोबस्त करणारे पदार्थ उत्पन्न होतात, आणि त्यांपासून औषध बनवितात. मुंबईच्या हाफकिनचें नांव आपल्याकडे खेडोपाडीं पोंचलें आहे तें बरेंचसें या औषधामुळें. या पदार्थांस प्रतिपिंडें म्हणतात. प्रतिपिंडाचा आकार गलोलीच्या बेचकीसारखा असतो. बेचकीचीं दोन टोंकें एका विशिष्ट पदार्थासच पकडतात, दुसऱ्यास नाहीं. नागाच्या विषासाठीं बनलेलें प्रतिपिंड घटसर्पाच्या विषाकडे ढुंकूनही पाहत नाहीं. बेचकीचा दांडा मात्र मोकळा असतो. त्या दांड्यास चमकणारा रंग बांधून दिला तर?

हा विचार आल्बर्ट कून्स या तरुण अमेरिकन डॉक्टरास १९३९ सालीं बर्लिन येथें असतांना सुचला. हृदयास इजा करणाऱ्या संधिज्वराविषयीं त्याचें चिंतन चाललें होतें. रोगजंतूचा अंश शरीरांत नेमका कोठें दडला आहे, हें डोळ्यांनीं पाहतां आलें पाहिजे, असें त्यास वाटे. अमेरिकेंत परतल्यावर हार्वर्ड येथें क्रीच व जोन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांच्या मदतीनें त्यानें न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडास रंग बांधला. रंग बांधल्यानें प्रतिपिंडाची पकड सुटली नाहीं, जंतू चमकले. हें १९४१ सालीं प्रसिद्ध झालें. पण अडचण निराळीच निघाली. तो पहिला रंग निळा चमके. आणि प्राण्यांच्या मांसपेशी जांभळ्या किरणांत स्वतःच किंचित् निळ्या चमकतात. निळ्यांत निळें कसें ओळखावें? तेव्हां कून्सनें निळा टाकून फ्लुओरेसीनचा हिरवा रंग घेतला, आणि १९४२ सालीं त्याच्या मंडळीनें शरीराच्या पेशींत दडलेले जंतूंचे अंश हिरवे चमकवून दाखविले. पुढें युद्धामुळें तो सैन्यांत गेला व काम कित्येक वर्षें अडून राहिलें. त्याच १९४१ सालीं, फेब्रुवारीच्या २८ तारखेस, मुंबईंत परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. या दोन घटनांचा त्या वेळीं एकमेकींशीं कांहीं एक संबंध नव्हता.

आतां त्या मुलाविषयीं. तो साखऱ्याचाच. त्याच्या वडिलांची परवानगी घेऊन लिहितों. तरीही नांव देत नाहीं. दोन वर्षांपूर्वींच्या डिसेंबरांत, सहामाही परीक्षा झाल्यावर, त्यास ताप येऊं लागला. एका दवाखान्यांत पंधरा दिवस विषमज्वराचें औषध चाललें. ताप उतरेना. हिरड्यांतून रक्त येई, आणि कोठें पडला-लागला नसतांना पायांवर काळे-निळे डाग उमटले. शेवटीं रक्त तपासलें, तों पांढऱ्या पेशी लाखाच्या वर! तपासणाऱ्यानें तो कागद वडिलांच्या हातीं दिला आणि आजच मुंबईस निघा म्हणून सांगितलें. दोन एकर हळद उभी टाकून आई, बाप व मुलगा हिंगोलीहून रेल्वेनें गेले आणि दादरच्या संत गाडगेमहाराज धर्मशाळेंत उतरले. ज्यांस टाटा रुग्णालयांत कधीं जाण्याचा प्रसंग आला असेल त्यांस ती धर्मशाळा ठाऊक असेल.

नाताळच्या सुटींत मी त्यांच्याकडे गेलों. वडील रुग्णालयाच्या ओट्यावर बसले होते. मला पाहतांच म्हणाले, "गुरुजी, रोग कोन्ता ते कळलं. मग औषध का देईनात? अजून पेशीची जात बघायची म्हनत्यात. कॅन्सरला बी जात असती का?"

असते, असें मला सांगावें लागलें. आणि ती पाहणें अवश्य असतें, हेंही. पांढऱ्या पेशी आपल्या हाडांच्या आंतील मज्जेंत जन्मतात. त्यांच्यापैकीं एखादी कोंवळ्या वयांतच बिघडते, मोठी होत नाहीं, नुसती वाढत सुटते, आणि चांगल्या पेशींस जागा उरत नाहीं. परंतु बिघडलेली पेशी कोणत्या घराण्यांतील? लिम्फोसाइटच्या कीं दुसऱ्या? लिम्फोसाइटच्या असेल तर बी शाखेची कीं टी शाखेची? प्रत्येकीचें औषध, त्याची मात्रा, त्याचा काळ यांत फरक असतो. पूर्वीं पेशीच्या रूपावरून व कांहीं साध्या रंगांवरून अंदाज बांधीत. तो पुष्कळदां बरोबर ठरे, पुष्कळदां ठरत नसे. आज पेशीच्या अंगावरच्या खुणा वाचतात. पेशीच्या पृष्ठभागावर नाना प्रकारचीं प्रथिनें असतात. त्यांस अनुक्रमांक देण्याची रीत १९८२ सालीं पॅरिस येथील परिषदेंत सुरू झाली, आणि आतां ते आंकडे साडेतीनशेंच्या वर गेले आहेत. सीडी १९ ही खूण बी शाखेची. सीडी ३ ही टी शाखेची. सीडी ३४ ही बहुधा कोंवळेपणाची. सीडी ४५ बहुतेक साऱ्या पांढऱ्या पेशींवर असते. एका खुणेवरून निकाल लागत नाहीं. दहा-बारा खुणा मिळून कुंडली जुळते.

या खुणा वाचण्यासाठीं प्रत्येक खुणेचें प्रतिपिंड लागतें, आणि तेंही दर वेळीं हुबेहूब सारखें. घोड्याच्या किंवा सशाच्या रक्तांतून निघणारें प्रतिपिंड म्हणजे मिसळीचें धान्य. एका पोत्यासारखें दुसरें निघत नाहीं. ही अडचण १९७५ सालीं केंब्रिज येथें कोलर व मिल्स्टाइन या दोघांनीं दूर केली. प्रतिपिंड बनविणारी उंदराची एक पेशी आणि कर्करोगाची, न मरतां वाढतच राहणारी एक पेशी, यांचा त्यांनीं संयोग घडविला. त्या जोडपेशीची संतति एकाच जातीचें प्रतिपिंड हवें तितकें देत राहते. ज्या कर्करोगाच्या पेशीची न मरण्याची खोड माणसास मारते, त्याच खोडीचा उपयोग कर्करोग ओळखण्याचें साधन बनविण्यास झाला, हें मला या सर्व हकिगतींत अत्यंत विलक्षण वाटतें. या शोधाचें पेटंट कोणी घेतलें नाहीं. १९८४ सालीं दोघांस, येर्न या तिसऱ्या शास्त्रज्ञासह, नोबेल पारितोषिक मिळालें.

मुलाच्या कमरेच्या हाडांतून चमचाभरही न भरेल इतकी मज्जा सुईनें काढली. नळ्यांत ती वांटून प्रत्येक नळींत निरनिराळ्या रंगांचीं प्रतिपिंडें घातलीं. तांबड्या पेशी विरघळवून टाकल्या. कांहीं वेळ अंधारांत ठेविलें, कारण हे रंग उजेडांत फिके पडतात. मग धुऊन यंत्रांत सोडलें. या यंत्रास फ्लो सायटोमीटर म्हणतात. नर्सी नामदेव येथें दर्शनाची रांग तुम्हीं पाहिली असेल. बाहेर हजारोंचा लोंढा असतो, पण कठड्यांच्या आंत आल्यावर एकामागें एक जावें लागतें. तसेंच या यंत्रांत पाण्याची एक बारीक धार असते आणि तींतून पेशी एकेरी ओळीनें जातात. वाटेंत लेसरचा किरण आडवा लागतो. पेशी त्यांतून जातांना तिच्या अंगावरचे रंग क्षणभर चमकतात, आणि प्रत्येक रंगासाठीं बसविलेला यांत्रिक डोळा त्या चमकेचें माप घेतो. असें सेकंदाला हजारों वेळां. एका रंगाची झांक दुसऱ्याच्या डोळ्यांत थोडीफार शिरतेच. तिची वजाबाकी गणितानें करावी लागते, आणि शेवटीं तीं ठिपक्यांचीं चित्रें वाचावयास जाणता मनुष्यच बसतो. स्टॅनफर्ड येथील लेन हर्झेनबर्ग यानें १९७० च्या सुमारास आपल्या सहकाऱ्यांबरोबर अशा यंत्राची घडण केली. सूक्ष्मदर्शकाखालीं चमकणाऱ्या पेशी मोजून मोजून तो कंटाळला होता, असें सांगतात. त्याचें यंत्र पेशी मोजून थांबत नसे, निवडीतही असे : धारेचे थेंब करून ज्यांत हवी ती पेशी असेल त्या थेंबास विजेचा भार द्यावयाचा, आणि दोन पट्ट्यांमधून जातांना तो थेंब बाजूच्या नळींत पडावयाचा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणीं संशोधक हीं यंत्रें रोज वापरतात.

अहवाल आला : बी शाखेचा तीव्र ल्युकेमिया. लहान मुलांत बहुधा हाच आढळतो, आणि कर्करोगांपैकीं औषधास उत्तम दाद देणाऱ्यांत तो आहे. श्रीमंत देशांत अशा दहा मुलांपैकीं सुमारें नऊ मुलें आज वांचतात. आपल्या देशांत तें प्रमाण अजून तितकें नाहीं. आणि त्याचें एक मोठें कारण असें कीं, उपचार मध्येंच सोडून पुष्कळ कुटुंबें घरीं परततात. पैशासाठीं सोडतात, शेतीसाठीं सोडतात, कधीं मूल बरें दिसूं लागलें म्हणूनही सोडतात. पैशाचा भार या कुटुंबास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेनें बराच हलका केला. हळदीचा भार कोण हलका करणार?

औषध सुरू झालें. पांच आठवडे झाल्यावर, फेब्रुवारीच्या आरंभीं, मला वडिलांचा फोन आला. आवाजांत कित्येक दिवसांत ऐकूं न आलेला उल्हास होता. "गुरुजी, पोरगं चांगलं हाय. जेवतंय, हिंडतंय. मज्जा दुर्बिणीखाली बघितली, साफ हाय म्हनत्यात. हळद काढायला आली. आता घरला यावं म्हनतो. बाकीच्या सुया हिंगोलीत कुठं तरी घेऊ."

मीं विचारलें, "दादा, यंत्रावरची तपासणी झाली का?"

"ती झाली. तिचा कागद परवा येनार. पन साफ हाय म्हनल्यावर कागदाचं काय?"

येथें थोडें थांबून हिशेब केला पाहिजे. मज्जेंतील शंभर पेशींत रोगी पेशी पांचांहून कमी असल्या कीं सूक्ष्मदर्शकाच्या दृष्टीनें मज्जा साफ. आरंभीं शरीरांत रोगी पेशी हजार अब्जांच्या आसपास असतात. त्या शेंकडा एकावर आल्या तरी अब्जावधि उरल्याच. आणि सूक्ष्मदर्शकाखालीं बसलेल्या कुशल डोळ्यासही त्या चांगल्या कोंवळ्या पेशींहून निराळ्या दिसत नाहींत. यंत्र मात्र दहा हजारांत एक रोगी पेशी असली तरी ती हुडकून काढतें. निरोगी कोंवळ्या पेशीवर जी खूण फिकी असावी ती रोगी पेशीवर गडद असते, जी गडद असावी ती फिकी. अशा विसंगत खुणांची टोळी यंत्राच्या चित्रांत एका बाजूस सांपडते. या उरलेल्या रोगाचें माप पाहूनच पुढचे उपचार सौम्य ठेवावयाचे कीं कडक करावयाचे, हें ठरतें.

हें मीं त्यांस फोनवर माझ्या शाळामास्तरी भाषेंत सांगितलें. लाख, हजार, शेंकडा, असें सांगत राहिलों. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "म्हंजी वावर साफ दिसतंय, पन लव्हाळ्याच्या गाठी खाली हायेत का नाहीत, ते बघायचंय."

माझ्या इतक्या वर्षांच्या अध्यापनांत मला यापेक्षां चांगलें स्पष्टीकरण सुचलें नव्हतें. ज्यानें लव्हाळा खुरपला आहे त्यास ठाऊक असतें कीं, वरचें गवत गेलें तरी जमिनींतील एक गांठ पुढच्या पावसास पुरते.

ते थांबले. परवांच्या दिवशीं कागद आला : दहा हजार पेशींत बारा. सूक्ष्मदर्शकाखालीं ज्या कधींच दिसल्या नसत्या अशा त्या बारा पेशींच्या आधारें डॉक्टरांनीं पुढचे उपचार कडक केले. मुलाचे केस गेले, तोंड आलें, दोन वेळां ताप येऊन दाखल करावें लागलें. आईनें ते महिने कसे काढले, हें मला लिहितां येणार नाहीं. साखऱ्यास त्यांची हळद भावकीनें आणि शेजाऱ्यांनीं काढून, शिजवून दिली. पॉलिश करून विकली, आणि पैसे हिशेबासह मुंबईस धाडले. भावकीविषयीं आपण एरव्हीं जें बोलतों तें मला ठाऊक आहे. म्हणूनच ही गोष्ट मुद्दाम लिहून ठेवतों.

याच दिवसांत गांवाकडून सल्लेही पुष्कळ आले. आपल्याच हळदीची पूड रोज चमचाभर द्या, कर्करोग बरा होतो म्हणतात, असा एक सल्ला होता. या विषयावर मला थोडें स्पष्ट बोलावेंसें वाटतें. हळद आमचें पीक आहे आणि तिचा अभिमान मलाही आहे. जखमेवर हळद लावण्याचें अमेरिकेंत १९९५ सालीं दिलेलें पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं आपल्या वैज्ञानिक परिषदेनें झगडून १९९७ सालीं रद्द करविलें, तेव्हां सर्वांस जो आनंद झाला तो योग्यच होता. परंतु हळदींतील कर्क्युमीन पोटांतून रक्तांत फारच थोडें उतरतें. शिवाय तें स्वतः चमकतें आणि पुष्कळ पदार्थांस वाटेल तसें चिकटतें; त्यामुळें प्रयोगशाळेंत संशोधकांची फसगत होऊन, नसलेला गुण असल्यासारखा दिसतो, असें रसायनशास्त्रज्ञांनींच दाखविलें आहे. पेशीस नेमकी खूण लावण्याच्या कामीं हळद चालत नाहीं ती याच कारणानें : तिला वाटाड्या नाहीं. कर्करोगाच्या औषधांबरोबर डॉक्टरांस न विचारतां कोणतीही पूड देऊं नये. भाजींतली हळद भाजींत असूं द्यावी.

पेशींस अशी खूण लावण्याची ही विद्या केवळ कर्करोगापुरती नाहीं. एच्आयव्ही झालेल्या रोग्याच्या रक्तांत सीडी ४ ची खूण असलेल्या पेशी किती उरल्या, हें याच रीतीनें मोजतात. २००४ सालीं सरकारनें मोफत औषधें देण्यास आरंभ केला तेव्हां ती संख्या ठराविक आंकड्याखालीं आल्यावरच औषध मिळे; त्या आंकड्यावर कित्येकांचें जगणें अवलंबून होतें. २०१७ पासून आंकडा कांहीं असो, रोग आढळतांच औषध सुरू करतात. आणि आतां तर खूण वाचण्याच्या पलीकडेही पाऊल पडलें आहे. मुंबईच्या आय्आय्टींत व टाटा स्मारक केंद्रांत मिळून एक उपचार सिद्ध झाला. त्यास २०२३ च्या ऑक्टोबरांत सरकारी मान्यता मिळाली. त्यांत रोग्याच्याच टी पेशी बाहेर काढून, त्यांस सीडी १९ ही खूण ओळखावयास लावून, पुन्हां शरीरांत सोडतात. मग त्या पेशी ती खूण दिसेल त्या पेशीस ठार करतात. हा उपचार पंधरा वर्षांवरील, आणि नेहमींच्या औषधांनीं ज्यांचा रोग हटला नाहीं किंवा उलटला, अशा रोग्यांसाठीं आहे. आपल्या मुलास त्याची गरज पडली नाहीं.

पुढच्या टप्प्यानंतरच्या तपासणींत यंत्रानें दहा लाखांहून अधिक पेशी मोजल्या, आणि त्या टोळीपैकीं एकही सांपडली नाहीं. मुलगा वर्षभर मागें पडला, पण शाळेंत परत आला आहे. रोज रात्रीं एक गोळी व आठवड्यांतून एकदां दुसऱ्या गोळ्या, असा त्याचा क्रम अजून कांहीं महिने चालावयाचा आहे. वडिलांनीं तो अहवाल घडी न मोडतां प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर ट्रंकेंत ठेविला आहे, आणि कोणी पाहावयास मागितला तर आधीं हात धुवावयास लावतात. मुंबईची पुढची तारीख उन्हाळ्याच्या सुटींत आहे. तोंवर हळद शिजवून झालेली असेल.